परड्यातील गांधीलमाश्यांचे घरटे कसे हटवावे

बेळगाव, खानापूर, हुक्केरी, निपाणी या पट्ट्यातील जुन्या घरांच्या मागे परडे असते. त्यात कढीपत्ता, शेवगा, पेरू, एखादे फणसाचे झाड, धुण्याचा दगड, पाण्याची टाकी आणि कोपऱ्यात भाताच्या पिंजराची गंजी असे सारे दाटीवाटीने नांदत असते आणि गांधीलमाशीला घर बांधायला याहून सोयीची जागा शोधूनही मिळणार नाही. आमच्या घरी हा प्रश्न पहिल्यांदा आला तो आईच्या हातावर. आमटीला फोडणी द्यायची म्हणून ती कढीपत्ता तोडायला गेली, सवयीने फांदी खाली ओढली आणि पानांच्या आड असलेले तळहाताएवढे घरटे तिच्या मुठीत आले. मनगटापासून कोपरापर्यंत पाच डंख बसले. त्या संध्याकाळी भावाने बांबूच्या टोकाला चिंध्या गुंडाळल्या, त्यावर रॉकेल ओतून टेंभा केला आणि घरटे पेटवले. जळते घरटे खाली पडले ते नेमके पिंजराच्या गंजीवर. शेजारीपाजारी बादल्या घेऊन धावले म्हणून गोठा वाचला. त्यानंतर या विषयात मी लक्ष घातले, दरवर्षी दोन-तीन घरटी स्वतः हटवली, काही मुद्दाम राहू दिली आणि त्यातून जे समजले ते येथे सविस्तर लिहीत आहे. कारण आमच्या भागात आजही घरटे दिसले की आधी काडेपेटी शोधली जाते.

घरटे कोणाचे, हे आधी पाहावे

घरट्यात कोण राहते हे कळेपर्यंत त्याला हात लावू नये, दगड मारू नये आणि धूरही करू नये. चार-पाच मीटर अंतरावर उभे राहून दहा मिनिटे शांतपणे निरीक्षण करावे. मोबाइलच्या कॅमेऱ्याने चित्र मोठे करून पाहिले तर जवळ जाण्याची गरजच उरत नाही.

परड्यात सर्वाधिक आढळते ते कागदी घरटे. उलट्या छत्रीसारखे किंवा बशीसारखे, करड्या रंगाचे, एका बारीक काळपट देठावर टांगलेले आणि खालच्या बाजूने षट्कोनी कप्पे उघडे असलेले असे ते दिसते. हा कागद खराच कागद असतो. दुपारच्या शांततेत जुन्या दाराजवळ किंवा कुंपणाच्या वाळक्या खांबाजवळ कान दिला तर गांधीलमाशी लाकूड खरवडत असल्याचा बारीक आवाज ऐकू येतो. ती मागे मागे सरकत जाते आणि तिच्या जबड्याखालून लाकडावर फिकट रेघ उमटत जाते. तो भुसा लाळेत मळून ती कप्प्याच्या कडेला पातळ थर चढवते. अशी घरटी बांधणाऱ्या माश्या सडपातळ, लांब पायांच्या, तांबूस, पिवळट किंवा काळपट तपकिरी असतात. घरट्यावर पाच-दहापासून काही डझनापर्यंत माश्या दिसतात.

दुसरी जात याहून पुष्कळ दांडगी. अडीच-तीन सेंटिमीटर लांबीची, काळी, पोटावर रुंद पिवळा-नारिंगी पट्टा असलेली ही मोठी गांधील झाडाच्या ढोलीत, माळ्यावर, भिंतीच्या पोकळीत किंवा जमिनीतील बिळात राहते. तिच्या घरट्याला बाहेरून कागदी आवरण असू शकते आणि आत एकाखाली एक थर असतात, त्यामुळे माश्या किती आहेत याचा बाहेरून अंदाज येत नाही. हिचा उपाय घरच्या माणसाने करावयाचा नाही, हे येथेच सांगून ठेवतो. एक गोष्ट मात्र नोंदवण्यासारखी आहे: ही मोठी गांधील लहान गांधीलमाश्यांच्या घरट्यांवर धाड घालून त्यांच्या अळ्या पळवते. परड्यातील लहान घरट्याभोवती ती घिरट्या घालताना वारंवार दिसली, तर तिचे स्वतःचे घर जवळपास कोठे आहे ते दुरून शोधून ठेवावे.

मधमाश्यांची गोष्ट वेगळी. मोठ्या झाडाच्या आडव्या फांदीला, पाण्याच्या उंच टाकीला किंवा इमारतीच्या सज्जाला एकच भलेमोठे, कधी मीटरभर रुंद पोळे उघड्यावर लटकत असेल आणि त्यावर माश्यांची काळसर चादर लाटेसारखी हलत असेल, तर ते आग्या मोहोळ होय. याच्या वाटेला जाऊ नये. आग्या माश्या ऋतुमानाप्रमाणे मुक्काम हलवतात. पोळे त्रासाच्या जागी नसेल तर थोडे थांबणे हा सर्वांत स्वस्त आणि सुरक्षित उपाय ठरतो. झुडपाच्या बारीक फांदीभोवती बांधलेले छोटे पोळे फुलोरी माशीचे असते, तर ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत समांतर पोळी बांधून राहणारी ती सातेरी. ही दोन्ही मोहोळे मारू नयेत. सातेरी पेटीत भरून नेता येते. कर्नाटकात मधुपालनाचे काम बागायत खाते पाहते, तेव्हा तालुक्याच्या बागायत कार्यालयात चौकशी केली तर मधपेट्या ठेवणाऱ्या एखाद्या शेतकऱ्याची गाठ पडू शकते.

राहिली कुंभारीण. खिडकीच्या कोपऱ्यात, तसबिरीमागे, कधी कुलपाच्या भोकात मातीचे लिंपण करून ती घर बांधते. ती एकटीच राहते, वसाहत करत नाही आणि घराचे रक्षण करण्यासाठी माणसावर धावून येत नाही. कुंभारीण अळीला घरात कोंडून गुणगुणते आणि त्या ध्यासाने अळीचीच कुंभारीण होते, असा दाखला आपल्याकडे भ्रमरकीटक न्याय म्हणून पिढ्यान् पिढ्या दिला जातो. दाखला म्हणून तो सुंदर आहे. प्रत्यक्षात ती अळीला किंवा कोळ्याला डंखाने बधिर करून आत ठेवते, त्यावर अंडे घालते आणि अंड्यातून निघालेले पिल्लू ते भक्ष्य खाऊन मोठे होते. मातीच्या घराला बाहेर गोल भोक पडलेले दिसले की आतील जीव उडून गेला असे समजावे आणि ओल्या फडक्याने लिंपण पुसून काढावे. तिच्यासाठी औषध फवारण्याची काहीच गरज नसते.

शेजारी किंवा मदतीला येणारा माणूस कन्नड बोलणारा असेल तर शब्दांचा घोटाळा होऊ देऊ नये. गांधीलमाशीला कन्नडमध्ये ‘कणज’ म्हणतात आणि आग्या माशीला ‘हेज्जेनु’. नुसते ‘माश्या आहेत’ असे सांगितले तर येणारा माणूस मधाच्या तयारीने येतो, धूर करतो आणि गांधीलमाश्या खवळतात. धुराने मधमाश्या मध पिऊन जड होतात व काही काळ मवाळ पडतात. गांधीलमाशीच्या घरात तसा मधाचा साठा नसतो, म्हणून तिच्यापुढे ही युक्ती चालत नाही.

हटवावे की राहू द्यावे

परड्यात भाजीपाला असेल तर गांधीलमाशी हा मोठा आधार असतो, हे मी आता ठामपणे मानतो. कोबीवरची, वालावरची, भेंडीवरची अळी उचलून, चावून, तिचा गोळा करून ती पिलांना भरवते. सकाळी आठ-नऊच्या सुमारास वालाच्या मांडवाखाली थोडा वेळ बसले की एकेक पान उलटसुलट तपासत फिरणारी गांधीलमाशी दिसते. म्हणून घरटे माणसांच्या डोक्यापेक्षा बरेच उंच असेल, पायवाटेपासून पाच-सहा मीटर दूर असेल आणि त्या झाडाला कोणी हलवत नसेल, तर ते तसेच ठेवावे असे माझे मत आहे.

हटवण्याची खरी कारणे मोजकी आहेत. घरटे दाराच्या चौकटीजवळ, धुण्याच्या दगडाजवळ, मोरीच्या किंवा संडासाच्या वाटेवर, विहिरीच्या रहाटाजवळ, पाण्याच्या मीटरच्या पेटीत, फाटकाच्या पोकळ नळीत किंवा रोज पाने-फुले तोडली जातात अशा झाडावर असेल तर ते हटवावे. घरात लहान मुले, नीट न दिसणारी वृद्ध माणसे, दाव्याला बांधलेले जनावर किंवा पूर्वी डंखाने अंगभर गांधी उठलेली व्यक्ती असेल तर थांबू नये. बांधलेल्या गाईम्हशीला पळता येत नाही, याचा विचार आपल्याकडे फार कमी होतो.

‘हिवाळ्यापर्यंत थांबा, वसाहत आपोआप मरेल’ असा सल्ला वाचनात येतो. तो थंड देशांसाठी आहे. तेथे कडाक्याच्या थंडीत जुनी वसाहत संपते आणि फलित झालेल्या नव्या राण्या तेवढ्या कोठेतरी दडून राहतात. आपल्याकडे तसे घडत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘रोपालिडिया मार्जिनाटा’ या आपल्याकडच्या कागदी गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला आहे. तिची नवी घरटी वर्षभर केव्हाही सुरू होतात. शिवाय तिची राणी दिसायला इतरांसारखीच असते आणि राणी नाहीशी झाली तर दुसरी माशी तिची जागा घेते. त्यामुळे ‘राणी मारली की काम झाले’ हाही समज येथे उपयोगाचा नाही. नुसती वाट पाहून परड्यातील घरटे जाईल असे धरून चालू नये आणि एखाद-दुसरी माशी मारून ते संपेल असेही मानू नये.

कोणी हे काम करू नये

ज्यांना पूर्वी डंखामुळे श्वास लागला, चक्कर आली किंवा अंगभर पित्त उठले त्यांनी या कामाच्या आसपासही थांबू नये. हृदयविकार किंवा रक्तदाबासाठी गोळ्या चालू असणाऱ्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि मुलांनी घरात राहावे. ज्या घरट्यासाठी शिडीवर, भिंतीवर किंवा कौलांवर चढावे लागते ते आपले काम नव्हे. शिडीवर असताना पहिला डंख बसला की हात सुटतो आणि मग डंखापेक्षा पडण्याची इजा भारी ठरते. घरटे विजेच्या तारेजवळ, खांबावर किंवा मीटरच्या पेटीत असेल तर पाण्याचा एक थेंबही न उडवता हेस्कॉम या आमच्या भागातील वीज कंपनीच्या कार्यालयात कळवावे.

मोठ्या पट्टेरी गांधिलीचे घरटे, ढोलीतील किंवा जमिनीतील कोणतेही घरटे आणि आग्या मोहोळ यांसाठी कीटकनियंत्रणाचे काम करणाऱ्यांना बोलवावे किंवा अग्निशमन दलाला १०१ वर विचारावे. दल प्रत्येक वेळी येईलच असे नाही, पण जवळपास हे काम कोण करते याची माहिती तेथे मिळू शकते. जमिनीतील बिळात उकळते पाणी, पेट्रोल किंवा रॉकेल ओतणे हा आपल्याकडचा जुना उद्योग आहे आणि तो अतिशय घातक आहे. पेट्रोलची वाफ जमिनीलगत पसरते आणि ठिणगी कोठे पडेल ते सांगता येत नाही. आग लागली नाही तरी ती माती आणि जवळच्या विहिरीचे पाणी बिघडते.

वेळ आणि तयारी

पुढील कृती फक्त उघड्या, कागदी, तळहाताएवढ्या किंवा त्याहून लहान आणि जमिनीवर उभे राहून पोहोचता येणाऱ्या घरट्यासाठी आहे.

अंधार पडल्यानंतर तासा-दीड तासाने सर्व माश्या घरट्यावर परतलेल्या असतात आणि त्यांना नीट उडता येत नाही. ती वेळ चांगली. आमचे बेळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २,५०० फूट उंचीवर असल्याने मार्गशीर्ष-पौषात पहाटे चांगला गारठा असतो आणि त्या गारठ्यात माश्यांचे पंखही आखडलेले असतात. त्या दिवसांत मी रात्रीपेक्षा पहाटे, उजाडण्याच्या थोडे आधी हे काम करतो, कारण संपल्यावर लगेच उजेडात सर्व तपासता येते. वाऱ्या-पावसाच्या रात्री करू नये. दुपारी तर मुळीच नाही: निम्म्या माश्या बाहेर असतात आणि परत आल्यावर त्या घर शोधत तेथेच घोंघावत राहतात.

अंगात जाड, फिक्या रंगाचा पूर्ण बाह्यांचा सदरा, त्यावर पावसाळी रेनकोट, पायांत गमबूट आणि हातांत जाड रबरी हातमोजे असावेत. बाह्यांची टोके हातमोज्यांत आणि विजारीची टोके मोज्यांत खोचून वरून चिकटपट्टी गुंडाळावी. डोक्यावर रुंद काठाची टोपी घालून तिच्यावरून मच्छरदाणीचे कापड सोडावे आणि ते गळ्याशी रेनकोटमध्ये खोचावे, म्हणजे जाळी चेहऱ्याला टेकत नाही. टेकलेल्या जाळीतून डंख सहज बसतो. त्या दिवशी अत्तर, सुगंधी तेल लावू नये.

सोबत एक जाणते माणूस असावे, पण ते आठ-दहा पावले मागे. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावावा, कारण लाल प्रकाश या कीटकांना जवळजवळ दिसत नाही. विजेरी हातात धरू नये. खुर्चीवर किंवा कट्ट्यावर ठेवून तिचा झोत घरट्यावर सोडावा. उडालेली माशी उजेडाकडे जाते, आणि तो उजेड आपल्या हातात असेल तर ती आपल्यावरच येते. परड्यातील दिवा बंद करावा, घराच्या खिडक्या लावून घ्याव्यात, शेजाऱ्यांनाही सांगावे, आणि आपल्याला मागे पळायचे आहे ती वाट आधी चालून पाहावी. त्या वाटेवरची बादली, दोरी, कुत्र्याचे भांडे उचलून ठेवावे. परत जाण्याचे दार नुसते लोटलेले असावे, कडी लावलेली नसावी.

प्रत्यक्ष काम

माझा सर्वांत भरवशाचा उपाय साबणाच्या पाण्याचा आहे. एक लिटर पाण्यात भांडी घासण्याचा द्रव साबण दोन मोठे चमचे भरून मिसळावा आणि फेस न करता हळूहळू ढवळावा. कीटक पोटाच्या बाजूंना असलेल्या सूक्ष्म छिद्रांतून श्वास घेतो. साध्या पाण्याचा थेंब त्या छिद्रांवरून ओघळून जातो, पण साबणाचे पाणी अंगाला चिकटून छिद्रांत शिरते. पंखही भिजून जड होतात. हे पाणी दाबाच्या हातपंपात भरावे. त्याची तोटी फिरवून फवारा बारीक धुक्यासारखा न ठेवता सरळ धारेसारखा करावा आणि ही जुळणी दिवसा, दुसऱ्या कोपऱ्यात, भिंतीवर धार मारून तपासून घ्यावी. धार दोन-अडीच मीटर जाते याची खात्री झाल्याशिवाय रात्री पुढे जाऊ नये.

शेतातील पाठीवरचा फवारणी पंप वापरण्याचा मोह होतो. त्यात कधी तणनाशक भरले असेल तर उरलेल्या अंशानेही तुळस आणि कढीपत्ता जळतो. शेतात वापरायचे कीडनाशक घराजवळ, चुलीजवळ, आडाजवळ मारणे तर सर्वस्वी चूक आहे. दुकानात मिळणारा उडत्या कीटकांसाठीचा फवारा वापरायचा असेल तर डब्यावरील सूचना वाचून वापरावा आणि तो ज्या झाडाची पाने आपण खातो त्यावर मारू नये. त्या फवाऱ्याचा वायू ज्वलनशील असतो. जवळ देवाची समई, चूल किंवा पेटती विडी नको.

घरट्याच्या अगदी खाली उभे राहू नये, थोडे तिरके उभे राहावे. पहिली धार उघड्या कप्प्यांवर, म्हणजे खालून वर, सलग दहा-पंधरा सेकंद मारावी. मध्ये थांबू नये. खाली पडलेल्या माश्यांवर दुसरी धार मारावी, पण पायाने चिरडू नये, कारण चिरडलेल्या गांधीलमाशीच्या विषातील वासाने इतर माश्या चवताळतात. मग धावपळ न करता ठरलेल्या वाटेने मागे फिरावे, दार लावावे आणि वीस मिनिटे आत थांबावे. हालचाल उरली असेल तर पुन्हा एकदा तसेच करावे. घरटे त्याच रात्री तोडायला जाऊ नये.

बारीक फांदीला लटकलेल्या लिंबाएवढ्या, तीन-चार माश्यांच्या घरट्यासाठी दुसरी एक पद्धत आहे. एकात एक घातलेल्या दोन जाड पिशव्या खालून हळूहळू वर नेऊन घरटे फांदीसकट आत घ्यावे, तोंड मुठीत आवळून घट्ट बांधावे आणि त्यावरची फांदी कात्रीने तोडावी. ती पिशवी तशीच साबणाच्या पाण्याच्या बादलीत दगडाखाली बुडवून ठेवावी. हात थरथरत असेल तर ही पद्धत सोडून द्यावी, धार बरी.

काही बिनसले आणि माश्या अंगावर आल्या तर हात उडवत उभे राहू नये. चेहरा झाकून सरळ रेषेत पळावे, घरात शिरून दार लावावे आणि आत आलेल्या एक-दोन माश्यांची तेथे सोय पाहावी. विहिरीत किंवा शेततळ्यात उडी मारून जीव वाचतो ही समजूत जीवघेणी आहे.

डंख बसला तर

गांधीलमाशीची नांगी मधमाशीसारखी कातडीत तुटून राहत नाही, म्हणून एकच माशी अनेकदा डंख करू शकते. मधमाशीचा डंख असेल तर रुतलेली नांगी नखाने किंवा कशानेही, पण ताबडतोब काढावी. ती पिशवीसकट विष सोडत राहते. डंखाची जागा साबण-पाण्याने धुवावी, फडक्यात बर्फ गुंडाळून दहा मिनिटे धरावा, काढावा, पुन्हा धरावा. हाताला डंख असेल तर सूज येण्याआधी बांगड्या आणि अंगठी उतरवावी, पायाला असेल तर जोडवी. आईच्या बाबतीत आम्ही हे विसरलो आणि रात्री दोन बांगड्या कापून काढाव्या लागल्या.

आपल्याकडे डंखावर लोखंड घासतात, चुना लावतात, निपाणीकडे तंबाखूही चोळतात. विष कातडीखाली गेलेले असते, वरून लावलेल्या वस्तूने ते उतरत नाही. गंजके लोखंड घासून कातडी सोलली तर जखम मात्र चिघळते. वडीलधाऱ्यांचा मान ठेवून त्यांना एवढे सांगावे की बर्फाने ठणका खरोखरच कमी होतो. पुष्कळदा तेवढ्याने त्यांचेही समाधान होते. सूज दुसऱ्या दिवशी वाढलेली दिसते आणि दोन-चार दिवसांत उतरते. खाज फार असेल तर गोळी डॉक्टरांना विचारून घ्यावी.

पुढील लक्षणांत मात्र क्षणाचाही उशीर करू नये: डंखाच्या जागेपासून दूर अंगभर गांधी उठणे, ओठ, जीभ किंवा घसा सुजणे, आवाज बसणे, श्वास लागणे, उलटी, चक्कर, शुद्ध हरपणे. ही लक्षणे काही मिनिटांत दिसू शकतात. १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने जवळच्या रुग्णालयात जावे आणि पोहोचताच ‘गांधीलमाशी चावली, श्वास लागतो आहे’ असे स्पष्ट सांगावे. यावरचा पहिला उपचार म्हणजे मांडीच्या स्नायूत दिले जाणारे अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन. रुग्णाला चालवत नेऊ नये. चक्कर येत असेल तर आडवे करून पाय उंच ठेवावेत आणि श्वास लागत असेल तर बसवावे. तोंडात किंवा घशात डंख बसला असेल तर अशी कोणतीही लक्षणे नसतानाही रुग्णालय गाठावे. उसाच्या रसाच्या पेल्यात किंवा शहाळ्याच्या भोकात माशी शिरून असे घडते, म्हणून पिण्यापूर्वी आत पाहण्याची सवय मुलांना लावावी.

डंख पुष्कळ, म्हणजे वीस-तीसच्या पुढे असतील, किंवा मुलाला त्याहून कमीही असतील, तर बरे वाटत असले तरी डॉक्टरांना दाखवावे. पुष्कळ विष भिनल्यास मूत्रपिंडांवर परिणाम होऊ शकतो आणि तो पहिल्या दिवशी कळतोच असे नाही. लघवी कमी होणे किंवा चहासारखी गडद होणे ही त्याची खूण असते. आमच्या ओळखीच्या एका ऊसतोड मजुराला मोठ्या गांधिलींनी पाठीवर डंख केले, त्याने एक दिवस अंगावर काढला आणि मग त्याला आठवडाभर दवाखान्यात राहावे लागले.

दुसऱ्या दिवशी

सकाळी उजेडात, हातमोजे घालून, लांब काठीने आधी घरट्याला हलकेच टोचून पाहावे. शांत असेल तर ते खरवडून बादलीत घ्यावे. झाकण लावलेल्या कप्प्यांत कोश असतात आणि ते धारेतून वाचू शकतात, म्हणून घरटे तसेच उकिरड्यावर न टाकता साबणाच्या पाण्यात दिवसभर बुडवून मग मातीत पुरावे. दुकानातील फवारा मारला असेल तर त्या अळ्या कोंबड्यांपुढे टाकू नयेत.

देठाची जागा पत्र्याच्या तुकड्याने खरवडून, साबणाने धुऊन कोरडी करावी आणि लाकूड किंवा लोखंड असेल तर त्यावर रंगाचा हात द्यावा. वाचलेल्या दोन-चार माश्या काही दिवस त्याच जागी येऊन बसतात आणि नवा देठ उभारू पाहतात. रोज सकाळी लांब दांड्याच्या झाडूने तो नुसता पुसून टाकला तरी आठ-पंधरा दिवसांत त्या जागा बदलतात. फाटकाच्या आणि पंपाच्या पोकळ नळ्यांची तोंडे एमसीलने बंद करावीत. पाण्याच्या मीटरच्या पेटीचे भोक बारीक जाळीने झाकावे. गळके नळ दुरुस्त करावेत, कारण उन्हाळ्यात घरटे गार ठेवण्यासाठी त्यांना पाणी वाहून न्यावे लागते. पिकून पडलेले पेरू, चिकू, आंबे रोज उचलावेत, आणि जवळ गुऱ्हाळ असेल तर गुळाच्या ढेपा झाकून ठेवाव्यात.

यांपैकी सर्वांत जास्त उपयोगी पडलेली सवय म्हणजे आठवड्यातून एकदा परड्याची फेरी. वळीव पडून गेल्यावर आणि पुन्हा भाद्रपदापासून दिवाळीपर्यंत ती चुकवू नये. कौलांच्या कडा, टाकीच्या झाकणाची आतली बाजू, गुंडाळून ठेवलेला पाण्याचा पाइप, पालथ्या कुंड्या, तुळशीवृंदावनाचा कोनाडा आणि हाताच्या उंचीवरच्या दाट फांद्या पाहाव्यात. एक माशी आणि पाच-सहा कप्पे असलेले घरटे एका सकाळी काठीने काढता येते; तेच महिन्याभराने वर वर्णन केलेला सारा खटाटोप मागते. कढीपत्ता तोडताना आई आता आधी लांब काठीने फांदी हलवते, मनात दहापर्यंत आकडे मोजते आणि मगच हात घालते. फणसावर दोन पुरुष उंचीवर सध्या एक घरटे आहे. त्या बुंध्याला आम्ही लाल कापड बांधले आहे, दूधवाल्याला आणि शेजारच्या मुलांना ते दाखवून ठेवले आहे, आणि फणस उतरवण्याची वेळ येईपर्यंत त्याला हात लावायचा नाही असे ठरले आहे.